वृक्षांचे अंतरंग पाहणारे जगदीशचंद्र

बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटच्या पठारावर घाटनांदूर हे गाव वसले आहे. परळीहून लातूर रोडकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. चैत्र-वैशाखाच्या दिवसांत या भागातून हिंडणाऱ्या मनुष्याला एक नवल पाहावयास मिळते. ओढे आटलेले असतात, काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतात, माळावरचे गवत करपून गेलेले असते; आणि अशा त्या रखरखाटात बांधावरचा लिंब मात्र कोवळ्या, तांबूस-हिरव्या पालवीने डवरलेला असतो. त्याच माळावरची सीताफळीची झुडपे पाने गाळून वाळक्या काटक्यांसारखी उभी असतात. ती मेली असे कोणासही वाटावे. परंतु मृगाच्या सरी पडताच त्यांनाही पालवी फुटते.

लिंबाच्या शेंड्यावरच्या पानाला त्या दिवसांत पाणी कोण नेऊन पोहोचवतो? तेथे मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. जमिनीत खोल दडलेली ओल घरादारांहून उंच अशा शेंड्यापर्यंत निमूटपणे चढत असते. आणि पाने गाळून बसलेली सीताफळी जिवंत आहे, हे तरी कशावरून ओळखावे? झाड बोलत नाही, ओरडत नाही, आपले दुखणे सांगत नाही. हे मुके जीवन झाडाकडूनच लिहवून घ्यावे, असा ध्यास ज्यांनी घेतला, त्या सर जगदीशचंद्र बोस यांची ही कथा आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. हा प्रदेश आता बांगलादेशात आहे. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते आणि फरीदपूर येथे त्यांचे बरेच दिवस वास्तव्य होते. त्या काळी मोठ्या हुद्द्यावरील माणसे आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालण्यात भूषण मानीत. भगवानचंद्रांचे मत निराळे होते. मुलाने आधी आपली भाषा व आपली माणसे ओळखावी, मग परकी भाषा शिकावी, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी मुलाला गावातल्या बंगाली पाठशाळेत घातले. तेथे त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे व दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा. नदीच्या तळाशी राहणारे जीव, पाखरे, साप यांच्या गोष्टी या सोबत्यांच्या तोंडून ऐकताना लहानग्या जगदीशाचे भान हरपत असे. निसर्गाविषयीची ओढ आपल्याला तेथेच लागली, असे ते पुढे आवर्जून सांगत.

त्याला शाळेत नेणारा माणूसही विलक्षण होता. तो पूर्वीचा दरोडेखोर! भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा केली होती. आणि तुरुंगातून सुटल्यावर पोट कसे भरावे हा प्रश्न घेऊन तो त्यांच्याकडेच आला, तेव्हा त्यांनी त्याला आपल्या घरी कामास ठेवून घेतले. हा माणूस छोट्या जगदीशाला खांद्यावर बसवून शाळेत नेई आणि वाटेत आपल्या जुन्या साहसांच्या गोष्टी रंगवून सांगे.

पुढील शिक्षण कलकत्त्यास, सेंट झेवियर महाविद्यालयात झाले. तेथे फादर लाफों हे पदार्थविज्ञान शिकवीत. प्रयोग करून दाखविण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि जगदीशचंद्रांना प्रयोगाची गोडी त्यांनीच लावली. १८८० साली ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. परंतु तापाने त्यांना इतके ग्रासले की वैद्यकाचा नाद सोडावा लागला आणि ते केंब्रिजला विज्ञान शिकू लागले. लॉर्ड रॅले हे पदार्थविज्ञानातले आणि चार्ल्स डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस डार्विन हे वनस्पतिशास्त्रातले त्यांचे गुरू. ही दोन शास्त्रे एकाच विद्यार्थ्याच्या मनात शेजारी शेजारी नांदू लागली, याचे फळ पुढे वीस वर्षांनी दिसावयाचे होते.

१८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्या काळी भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश वेतन मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी असल्याने त्यांना त्याच्याही निम्मे देऊ केले गेले. त्यांनी भांडण केले नाही, काम सोडले नाही आणि वेतनही घेतले नाही. तीन वर्षे ते रोज वेळेवर वर्गात येऊन शिकवीत राहिले व एका पैशालाही शिवले नाहीत. घरी वडिलांचे कर्ज होते, १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी विवाह झाला होता. तरीही त्यांनी आपला आग्रह ढळू दिला नाही. अखेर सरकारने माघार घेतली. त्यांना कायम करण्यात आले आणि मागील सर्व वर्षांचे पूर्ण वेतन एकदम मिळाले. त्या रकमेतून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले.

त्यांची पहिली कीर्ती वनस्पतींमुळे झालेली नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत्लहरी त्यांनी निर्माण केल्या आणि १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्या लहरींनी, मध्ये तार नसताना, दूरवरची घंटा वाजवून व बंदुकीची दारू उडवून दाखविली. या प्रयोगांच्या वेळी त्यांच्या एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. लहरी टिपणारे धातूचे यंत्र सतत वापरले की मंद होई. त्याला थोडी विश्रांती दिली की पुन्हा नीट चाले. मनुष्याचे स्नायू थकतात, तसा धातू थकतो की काय? आणि निर्जीव धातू व सजीव प्राणी यांच्यामध्ये वनस्पती उभी आहे. तिचे काय होत असेल? पदार्थविज्ञानाची वाट अशी वळण घेत झाडापाशी येऊन थांबली.

त्यांनी झाडाची पाने, देठ, मुळे यांना चिमटे घेतले, उष्णता दिली, गुंगीचे औषध दिले आणि प्रत्येक वेळी त्या भागात उठणारा विजेचा सूक्ष्म तरंग मोजला. लाजाळूचे पान मिटते ते सर्वांना दिसते. पण ज्यांची पाने हलत नाहीत अशा साध्या वनस्पतींतही आघात होताच विजेची हालचाल होते, असे त्यांना आढळले. १९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडले, तेव्हा काही नामांकित शरीरशास्त्रज्ञांनी त्यास विरोध केला. पदार्थविज्ञानाच्या माणसाने आमच्या प्रांतात शिरू नये, असा त्या विरोधाचा रोख होता. निबंधाच्या मथळ्यातला एक शब्द बदलण्याविषयी त्यांना सुचविण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि निबंध छापला गेला नाही. जगदीशचंद्रांनी १९०२ साली स्वतंत्र ग्रंथ लिहूनच त्याचे उत्तर दिले.

परंतु ग्रंथापेक्षा यंत्र अधिक बोलके, हे त्यांनी ओळखले होते. त्यांची यंत्रे कलकत्त्यातच, देशी कारागिरांच्या हातून घडत. त्यांपैकी वृद्धिमापक यंत्र जगप्रसिद्ध झाले. झाडाची वाढ इतकी सावकाश होते की दिवसभर टक लावून बसले तरी ती डोळ्यांना दिसावयाची नाही. या यंत्रात नाजूक तरफांच्या साहाय्याने ती वाढ दहा हजार पट मोठी होऊन, काजळी धरलेल्या काचेवर टिंबांच्या ओळीने उमटत असे. म्हणजे झाड स्वतःच आपली वाढ लिहून दाखवी. खत घातल्याचा, थंडी पडल्याचा, नुसत्या स्पर्शाचाही परिणाम काही मिनिटांत त्या काचेवर कळे. १९२० साली लंडनमध्ये काहींनी या यंत्राविषयी शंका घेतली, तेव्हा नाणावलेल्या शास्त्रज्ञांनी समक्ष परीक्षा करून ते खरे असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ज्या रॉयल सोसायटीने पूर्वी निबंध छापला नव्हता, तिने त्यांना आपले सदस्य करून घेतले.

फरीदपूरच्या खजुरीची हकिकत येथे सांगितलीच पाहिजे. त्या गावाजवळ एक तिरके वाढलेले खजुरीचे झाड होते. सायंकाळी देवळात घंटा वाजू लागल्या की ते मस्तक जमिनीकडे झुकवी आणि सकाळी पुन्हा वर उचली. लोक त्याला प्रार्थना करणारे झाड म्हणत व त्याला नैवेद्य दाखवीत. जगदीशचंद्रांना त्यावर यंत्र बसवावयाचे होते. पण मालक काही केल्या परवानगी देईना. यंत्रे भारतात बनविलेली आहेत आणि ती बांधणारा साहाय्यक पुजाऱ्याचा मुलगा आहे, असे कळल्यावर त्याचे समाधान झाले. यंत्राने दिवसरात्र नोंद केली. झाड केवळ संध्याकाळी नव्हे, तर अहोरात्र हळूहळू हलत होते. ऊन तापू लागले की त्याचा शेंडा खाली येऊ लागे, हवा थंडावू लागली की वर चढू लागे. घंटानादाशी त्याचा संबंध नव्हता, तापमानाशी होता. यावर कोणी म्हणेल की ऊन-थंडीने लाकूड वाकते तसलाच हा प्रकार असेल. परंतु काही काळाने ती खजुरी मेली आणि तिचे हलणेही थांबले. ऊन आणि थंडी तर पूर्वीसारखीच पडत होती! ती हालचाल जिवंतपणाची होती, हे त्या झाडाने मरून सिद्ध केले.

सेवानिवृत्तीनंतर, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, त्यांनी कलकत्त्यात बोस संशोधन संस्था स्थापन केली. सरकारने त्यांना त्याच वर्षी सर ही पदवी दिली. त्यांचे पहिले मोठे चरित्र १९२० साली इंग्रजीत प्रसिद्ध झाले. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ असून त्या सुमारास मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. स्वतः जगदीशचंद्रांनी सामान्य वाचकांसाठी बंगालीत लिहिलेल्या लेखांचा संग्रह १९२१ मध्ये निघाला. त्याचे नाव 'अव्यक्त'.

नव्या संस्थेत त्यांनी जो प्रश्न हाती घेतला, तो घाटनांदूरच्या लिंबाचाच प्रश्न होता. झाडात पाणी वर कसे चढते?

प्रश्नाचा अवघडपणा नीट ध्यानात घ्या. विहिरीच्या काठावर बसवून पाणी शोषून घेणारा पंप कितीही उत्तम असला, तरी सुमारे १० मीटरपेक्षा अधिक खोलीवरचे पाणी तो ओढू शकत नाही. कारण ते पाणी वर ढकलण्याचे काम हवेचा दाब करीत असतो आणि त्याचे बळ तेवढेच आहे. वड, चिंच, लिंब यांचे शेंडे त्याहून उंच जातात.

झाडातील पाण्याची वाट मात्र तेव्हाही ठाऊक होती आणि ती तुम्हालाही पाहता येईल. तेरड्याचे रोप मुळे न तोडता उपटून, माती धुऊन, लाल शाई मिसळलेल्या पाण्यात काही तास उभे करा. त्याच्या पाणीदार खोडातून लाल रेघा वर चढताना दिसतील. त्या रेघा म्हणजे जलवाहिन्या. मुळांच्या टोकाजवळ केसांसारखे बारीक धागे असतात, त्यांना मूलरोम म्हणतात. मातीच्या कणांना चिकटलेली ओल ते शोषून घेतात. जाड मुळे झाडाला धरून ठेवतात व पाणी पुढे पाठवितात. पाणी पिण्याचे काम या कोवळ्या धाग्यांचेच. म्हणूनच रोप उपटून दुसरीकडे लावताना मातीचा गोळा फुटला की ते मान टाकते. मुळातले पाणी खोडातल्या जलवाहिन्यांतून पानांच्या शिरांत जाते. या वाहिन्या ज्या पेशींच्या बनतात, त्या पेशी काम सुरू होण्यापूर्वीच मरून पोकळ झालेल्या असतात. जिवंत झाडाला पाणी पाजणारी नळी मेलेली असते, हे पहिल्याने ऐकताना खोटेच वाटते.

जगदीशचंद्रांनाही ते पटत नव्हते. झाडाच्या प्रत्येक भागात त्यांनी चैतन्याची खूण पाहिली होती. मग पाणी चढविणे हे सर्वांत मोठे काम निर्जीव नळ्या कशा करतील? त्यांनी काचेच्या बारीक नळीत बसविलेली विजेची सुई खोडात हळूहळू टोचत नेली. सालीच्या सर्वांत आतल्या, लाकडाला भिडलेल्या थरापाशी सुई पोहोचली की विजेचे स्पंदन सर्वांत जोराने होते, असे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की या थरातील जिवंत पेशी हृदयासारख्या आकुंचन-प्रसरण पावतात आणि पाणी एका पेशीतून दुसरीत वर ढकलीत नेतात. १९२३ साली यावर त्यांनी मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

हे अनुमान विज्ञानाने स्वीकारले नाही. त्यापूर्वीच जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी उंच झाड कापून त्याचा बुंधा विषारी द्रवात उभा केला होता. विषाने वाटेतल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रव वर चढतच राहिला. आयर्लंडमधील डिक्सन व जॉली यांनी १८९४ च्या सुमारास त्याचे कारण सांगितले. पानाच्या, बहुधा खालच्या, अंगाला असंख्य सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. वाफ होऊन गेलेल्या थेंबाची जागा मागचा थेंब घेतो. आणि पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पानापासून मुळापर्यंत पाण्याचा जणू एक अखंड दोर तयार होतो. वरून सूर्य ओढतो, खालून मूळ सोडते. पंप खाली बसविलेला नसतो, तो शेंड्यावर, प्रत्येक पानात असतो. मोठे झाड उन्हाळ्याच्या एका दिवसात शंभर लिटरहूनही अधिक पाणी अशा प्रकारे हवेत सोडू शकते. आता सीताफळी पाने का गाळते ते उमगेल. जमिनीतली ओल पुरेनाशी झाली की पाने म्हणजे खर्चाची दारे. ती बंद करून ती पावसाची वाट पाहते. लिंबाची मुळे खोलवर गेलेली असतात, म्हणून त्याला एवढी काटकसर करावी लागत नाही.

मग झाडाने एवढे पाणी उधळून मिळविले काय? अन्न! पर्णरंध्रे उघडी असल्याखेरीज हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू पानात शिरत नाही, आणि तो वायू, पाणी व सूर्यप्रकाश यांच्या मेळातून पानातले हरितद्रव्य साखर तयार करते. ही साखर पानातून खाली खोडाकडे व मुळांकडे जाते, ती निराळ्या वाटेने. ती वाट सालीच्या आतल्या अंगाला असते. तिला रसवाहिन्या म्हणतात, आणि त्या मात्र जिवंत पेशींच्या असतात. जुन्या चिंचेचे खोड पार पोकळ झाले, आत पोरे लपंडाव खेळू लागली, तरी तिला दरवर्षी चिंचा येतात. कारण मधला जुना गाभा पाणी वाहण्याचे काम केव्हाच सोडून देतो, तो केवळ आधारासाठी असतो. याउलट खोडाभोवतीची साल बांगडीसारखी पूर्ण काढून टाका, तर धडधाकट झाडही काही दिवसांनी मरते. पाणी वर चढत असते, पाने हिरवी दिसत असतात. पण मुळांना अन्न मिळत नाही. साठवण संपली की मुळे उपाशी मरतात आणि त्यांच्यामागून सारे झाड. इंधनासाठी किंवा कातडे कमावण्यासाठी साल सोलणाऱ्याला हे ठाऊक असतेच असे नाही. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक अत्यंत पातळ थर असतो. तो दरवर्षी आतल्या बाजूला नवे लाकूड व बाहेरच्या बाजूला नव्या रसवाहिन्या घालतो. झाडाची जाडी वाढते ती या थरामुळे.

जगदीशचंद्रांनी स्पंदन मोजले हे खरे. त्यातून काढलेले अनुमान तेवढे टिकले नाही. झाडाच्या प्रत्येक गोष्टीत प्राण्यासारखे हृदय आणि प्राण्यासारख्या नसा शोधण्याकडे त्यांचे मन फार ओढ घेत असे, असे म्हणावे लागते. पण ज्यासाठी त्यांना सर्वांत अधिक विरोध सोसावा लागला, ते मात्र काळाच्या कसोटीला उतरले. वनस्पतीच्या एका भागाला इजा झाली की तेथून विजेचा संकेत निघून दूरच्या भागापर्यंत जातो, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. अळीने एक पान कुरतडले असता दुसरी पाने स्वसंरक्षणाची द्रव्ये बनवू लागतात, ती असल्या संकेतांमुळे. आणि जगातील अनेक प्रयोगशाळांत त्यावर संशोधन चालू आहे. तेथील यंत्रे विजेवर चालणारी व अतिशय महाग असतात. जगदीशचंद्रांच्या हाताशी काजळी धरलेली काच होती.

आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत ते गिरिडीह येथे राहावयास गेले होते. तेथेच २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, वयाची एकोणऐंशी वर्षे पूर्ण होण्यास अवघे सात दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. कलकत्त्यातील त्यांच्या संस्थेत वनस्पतींवरील संशोधन पुढेही चालूच राहिले.